देवाने मोकळा केलेला तारी

बाबा होडीला झेंडूची माळ बांधत होते आणि मी त्यांना सांगत होतो की देव आज टेम्पोने जाणार आहे.

"टेम्पोत देव बसूचो नाय," बाबा म्हणाले.

"बसता. काल सोमा घाड्यान देवाक विचारल्यान."

"मगे देव काय म्हणालो?"

"पयल्यांदा नाय म्हणालो. दुसऱ्यांदा नाय म्हणालो. तिसऱ्यांदा व्हय म्हणालो."

"तिसऱ्यांदा कित्याक विचारल्यानी?"

"दोनदा नाय म्हणालो म्हणान."

बाबांनी माळेची गाठ सोडली आणि पुन्हा तशीच बांधली. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटत होतं. त्यात त्यांची चूक नव्हती. मी खाजणवेळात चेष्टेसाठीच प्रसिद्ध होतो. एकदा शेजारच्या गाबिताच्या घराला आग लागली म्हणून ओरडत गेलो, तर त्याने मला चहा पाजला आणि मग बाहेर येऊन बघितलं.

पण घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा, आणि त्याने लावलेला कौल मी स्वतः बघितला होता. देवाच्या पाषाणाला ओले तांदूळ चिकटवतात. उजवीकडचा आधी पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. पहिल्यांदा डावीकडचा पडला. देवस्थानचे अध्यक्ष बाबीशेट राऊळ म्हणाले, पंखो चालू आसा, वाऱ्यान पडलो. पंखा बंद केला. पुन्हा डावीकडचा पडला. बाबीशेट म्हणाले, तांदूळ जाडो आसा, वजनान पडता. मग त्यांच्याच घरून बारीक तांदूळ आणला आणि उजवीकडचा पडला. घामाघूम झालेल्या सगळ्यांनी हात जोडले. आमच्या गावात देवालासुद्धा बहुमताबरोबर जावं लागतं.

खाजणवेळ म्हणजे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. वाळूत मच्छीमार गाबीत, माडांत भंडारी, देवळाभोवती मराठे मानकरी, बंदरावर दालदी मुसलमानांची आळी, आणि पाणंदीच्या टोकाला ख्रिस्ती सुताराचं एक घर. देवाचं काही ना काही काम प्रत्येकाकडे. भंडाऱ्यांनी तेल द्यायचं, गाबितांनी देवावर सावलीला अब्दागीर धरायची, दालद्यांनी मशाली पेटवायच्या, पालखीचा दांडा हलायला लागला की पेद्रू सुताराने पाचर मारायची. भांडणं बारा महिने चालायची, पण पालखीच्या दिवशी कुणाला वगळायची सोय नव्हती. वगळलं तर त्याचं काम करायचं कुणी?

आमचं काम देवाला पलीकडे न्यायचं. खाडीच्या पलीकडे आडवण गावात सातेरी, ती देवाची बहीण. दोघांचं पूर्वी कशावरून तरी बिनसलं. आमचे आजोबा सांगायचे, तिरफळं जास्त पडलेल्या कालवणावरून. बहीण रुसून पलीकडे गेली. मग दरवर्षी माघात भावाने तिला भेटायला जायचं ठरलं. ज्या माणसाने देवाला पहिल्यांदा होडीत घातलं, त्याला गावाने खाडीकाठचा उतार आणि घरापुरती जागा दिली. जोवर तारी, म्हणजे होडी वल्हवणारा, देवाला नेईल, तोवर जागा तारयाची. याचा कागद नव्हता. गाव देवासमोर उभा राहिला, घाड्याने गाऱ्हाणं घातलं, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि जागा आमची झाली.

आता तिथे पूल झाला होता. उद्घाटनाच्या दिवशी बाबांनी शेवटची माणसं पलीकडे नेली. ती माणसं येताना पुलावरून चालत आली आणि पूल चांगला झाला आहे असं बाबांना सांगून गेली. पुलानंतर महिन्याभरात बाबीशेट एका पांढऱ्या बुटांच्या माणसाला घेऊन आमच्या उतारावर आले. तो माणूस खाडीकडे बघून "व्ह्यू, व्ह्यू" असं म्हणत होता. आईला वाटलं त्याला ओकारी येतेय. तिने लिंबू आणून दिलं.

"हॉटेल करूचा म्हणतत," ती रात्री जेवताना म्हणाली.

"करूंदे. गावात जागा काय थोडी आसा?" बाबा म्हणाले.

"तेंका हीच जागा होई."

"ही कशी मेळात? देव खयसून जायत मग?"

यावर बाबांचा इतका विश्वास होता की त्यांनी त्या सकाळी होडी धुतली, माळा बांधल्या, वल्ह्यांना हळद लावली आणि नवा पंचा नेसून देवळात आले. आई आणि मी मागून.

देवळासमोर बर्फाच्या पेट्या वाहणारा टेम्पो उभा होता. धुवून, अत्तर मारून आणला होता. अत्तर आणि बांगडा यांचा मिळून जो वास होतो, तो त्याआधी कुणी घेतला नव्हता. बाबांनी टेम्पो बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

गाऱ्हाणं सुरू झालं. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर दीपमाळेपाशी. गाऱ्हाणं कसं असतं ते सांगायला हवं. सोमा घाडी देवाकडे तोंड करून एकेक मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून होकार भरायचा. लहानपणापासून इतक्या वेळा भरलेला असतो की घाड्याचा आवाज शेवटाला चढला की तोंड आपोआप उघडतं. कान लागत नाहीत.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही बारा-पाचाची लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण मुंबयक असात, कोण दर्यार असात, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या मनात काय काळाबेरा असात, ता थयच जिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबीशेटचा आवाज यात स्पष्ट ऐकू आला.

मग सोमा घाडी जरा थांबला. घसा खाकरला.

"आणि म्हाराजा, ज्या तारयान बापजाद्यांपासून तुका ह्या पाण्यातसून पल्याड न्हेल्यान, ऊन बघूक नाय, वारो बघूक नाय, त्या तारयाचे कष्ट आता तुच बघ. तेका ह्या सेवेतसून मोकळो कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात तारयाचं नाव कधीच येत नसे. मानकऱ्यांचं यायचं. बाबांनी एवढी वर्षं देव पलीकडे नेला, पण देवासमोर त्यांचा उल्लेख त्या दिवशी पहिल्यांदा झाला. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, डोळे मिटून त्यांनी होकार भरला.

"व्हय म्हाराजा!"

मागोमाग गाव गरजला. बाबा पंच्याने डोळे पुसत होते. शेजारच्या गाबिताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी बाहेर बघितलं, तर आई दीपमाळेला टेकून उभी होती आणि तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. तिला काहीतरी विचारायचं असावं, पण कुणाला विचारायचं ते तिला कळत नव्हतं.

नंतर देव टेम्पोत बसला. पुलाच्या मध्यावर टेम्पो बंद पडला. मानकऱ्यांनी उतरून धक्का मारला, अब्दागीर धरणाऱ्याने एका हाताने मारला. बाबांनीही मारला. खाली आमची होडी माळा घालून उभी होती.

जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या, आणि चारेक दिवसांनी बाबीशेट आमच्या अंगणात खुर्ची मागून बसले. खुर्ची त्यांनी सोबत आणलेल्या माणसाच्या हातात होती. आमच्याकडे खुर्ची नाही हे त्यांना माहीत होतं.

"लवू, मगे कधी सोडतंस?"

"काय सोडूचा?"

"जागा."

बाबा हसले. त्यांना वाटलं माझी सवय बाबीशेटना लागली.

"हसतंस काय? देवान तुका मोकळो केल्यान मा? सेवा संपली, म्हणजे सेवेची जागा देवस्थानाकडे परत. ह्या मी नाय सांगणत. गावान देवासमोर म्हटल्यान. आणि सगळ्यांत मोठ्यान तूच म्हटलंस. मी तर म्हटलंय, लवू कितको मोठ्या मनाचो."

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं. ते काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"माका वाटला..." ते म्हणाले.

"काय वाटला?"

"माका वाटला, माझ्या कष्टाचा बोलतत."

"तेच बोलले. कष्ट संपले."

आई चुलीकडून उठून दारात आली. "मी म्हणूक नाय," ती म्हणाली.

"काय गो?"

"मी व्हय म्हणूक नाय. ह्या घरात मीव ऱ्हवतंय. मी म्हणूक नाय, तर माझी जागा कशी जायत?"

बाबीशेट तिच्यावर अजिबात रागावले नाहीत. "वयनी, बायल माणसांचो होकार गाऱ्हाण्यात धरीत नाय. तुमी म्हटलात काय आणि नाय म्हटलात काय." मग ते बाबांना म्हणाले, "पावसाच्या आत बघ म्हणजे झाला," आणि खुर्ची घेऊन गेले.

मी तालुक्याला वकिलाकडे गेलो. वकील खूश झाला. म्हणाला, अहो, इतक्या पिढ्यांचा ताबा आहे, ही केस मी झोपेत जिंकतो. फक्त वडिलांनी कोर्टात एवढंच सांगायचं, की देवळात जे म्हटलं ती नुसती रीत आहे, त्याला काही अर्थ नसतो.

हे मी बाबांना सांगितलं. ते उतारावर बसून होडीच्या फटीत डांबर भरत होते.

"अर्थ नसता?" त्यांनी विचारलं.

"नसता म्हणून सांगायचा. बाकी काय नको."

"झिला, ही जागा आमका कशी मेळाली?"

मला पुढचं कळलं.

"ह्याच होकारान," ते म्हणाले. "ता खरा, तर ह्याय खरा. ह्या खोटा, तर मगे आम्ही इतके वर्स हय फुकटचे बसलेले. कोर्टात जावन मी बापाशीक चोर ठरवू?"

"बाबीशेटन फसवल्यान तुमका."

"देवाक नाय फसवल्यान मा? देव ऐकत होतो. तेका नको असता तर तो बोललो असतो."

"कसो बोलतलो? पंखो बंद होतो."

त्यांना हसू आलं नाही. मलाही नाही.

मार्ग शेवटी सोमा घाड्यानेच काढला. तो तोंड पाडून आला आणि आईसमोर जमिनीवर बसला. बाबीशेटनी त्याला सांगितलं होतं, तारयासाठी दोन बरे शब्द बोल, बिचाऱ्याक मोकळो कर म्हणान सांग. तो बोलला. त्याच्यामागे हॉटेल आहे हे त्याला कुठे माहीत? "मी परत गाऱ्हाणा घालतंय," तो म्हणाला. "येत्या सोमवारी. तारयाक परत सेवेक लाव म्हणान सांगतंय. लोक व्हय म्हणतले. लोक कधी नाय म्हणालेत? मी उद्या म्हटलंय, म्हाराजा खाडीत सगळ्यांका बुडव, तरी व्हय म्हणतले."

हे इतकं खरं होतं की आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी मासे तळले गेले.

बाबा म्हणाले, एकदा मी माझ्यासाठी म्हटलंय, आता परत माझ्या तोंडान माझ्यासाठीच मागूचंय नाय. गावान म्हटल्यान तर बरा. आई म्हणाली, बरा, तुमी नुसते उभे ऱ्हवा.

सोमवारी देऊळ भरलं होतं. बाबीशेट पुढेच उभे होते, अगदी निवांत. सोमा घाड्याने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. पाऊसपाणी, दर्या, मुंबई. लोक होकार भरत होते. मग त्याने आवाज चढवला.

"आणि म्हाराजा, तारयाक मोकळो केलंस, पण तारी मोकळो जगाचो नाय. तेका परत तुझ्या सेवेक लाव, आणि तेचा घर तेच्याकडे ठेव रे म्हाराजा!"

कुणी बोललं नाही.

माझ्या आयुष्यात त्या देवळात एवढी शांतता मी ऐकली नव्हती. जी माणसं बुडवायलाही होय म्हणाली असती, त्यांनी त्या दिवशी कान देऊन ऐकलं होतं. नंतर कळलं. भंडाऱ्यांच्या पोराला हॉटेलात बगीच्याचं काम मिळणार होतं. गाबितांची मासळी तिथे जाणार होती. दालद्यांच्या दोन होड्या पाहुण्यांना डॉल्फिन दाखवणार होत्या. पेद्रू सुताराला खिडक्या मिळणार होत्या. पूर्वी देवाचं काम सगळ्यांना थोडं थोडं असे, तसंच हे वाटलं होतं. बाबीशेटनी एकालाही वगळलं नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

दोघेतिघे हसले. त्यांना ती माझी चेष्टा वाटली.

सोमा घाड्याने पुन्हा एकदा म्हटलं, आवाज फुटत होता. "तारयाचा घर ठेव रे म्हाराजा!"

तेव्हा बाहेरून, दीपमाळेकडून, एकटा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

आई होती. पायरीपर्यंत आली होती. पदर डोक्यावर, हात जोडलेले.

"व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!"

लोक वळून बघायला लागले. बाबीशेटनी फक्त बाबांकडे बघितलं. सगळ्या गावाने बाबांकडे बघितलं, कारण बायको त्यांची होती आणि रीत मोडत होती. बाबांनी मान खाली घातली. मग ते वळले. मला वाटलं आता ते तिच्या आवाजात आवाज मिसळतील.

"गप ऱ्हव गो," ते म्हणाले. "बायलांचो होकार धरीत नाय."

आईचे हात तसेच जोडलेले राहिले. मग तिने ते खाली घेतले, पदर सारखा केला आणि घरी गेली.

हॉटेल झालंच नाही. समुद्राच्या इतक्या जवळ बांधायला परवानगी मिळत नाही, हे पांढऱ्या बुटांना नंतर कळलं. कुंपण तेवढं घातलं. आत रान वाढलं, आणि कुंपणाच्या फाटकाला पेद्रूने चांगली खिडकी बसवून दिली, कारण ती आधीच करून झाली होती.

आम्ही त्याआधीच, पावसाच्या आत निघालो. आडवणात आईच्या भावाने मागची पडवी दिली होती. सामान फार नव्हतं. खाट, भांडी, पाटा-वरवंटा, शेळी. बाबांनी ते होडीत नीट रचलं, जड मध्ये, हलकं कडेला. आईसाठी पुढची फळी पुसून कोरडी केली.

"ये," ते तिला म्हणाले.

आईने कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चढावाच्या वाटेने पुलाकडे चालायला लागली.

"अगो, होडी आसा हय!"

ती थांबली नाही. मी शेळीला धरून होडीत बसलो. बाबांनी होडी लोटली. आम्ही पाण्यात, ती वर पुलावर. ऊन रणरणत होतं. बाबा वल्हं मारायचे आणि वर बघायचे. ती मागे राहिली की हात सैल सोडायचे, पुढे गेली की जोर लावायचे. ओहोटी लागली होती. सावकाश वल्हवलं की होडी दर्याकडे सरकायची, म्हणून तिच्या पावलांशी जमवून घ्यायला त्यांना दुप्पट मेहनत पडत होती. एवढी वर्षं त्यांनी ती खाडी ओलांडली, इतकी वाकडी कधी ओलांडली नसेल.

"तिका सांग, पल्याड पोचल्यार उभी ऱ्हव," ते मला म्हणाले.

मी ओरडून सांगितलं. ऐकू गेलं असणार. पुलावर वाहनं नव्हती.

पुलाच्या मध्यावर एक स्कूटर तिच्यापाशी येऊन थांबली. बाबीशेट होते. खालून बोलणं ऐकू आलं.

"वयनी, उनाच्या चलतास? सोडू काय पल्याड?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं. ती बसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते खालूनही दिसलं. आईने गाठोडं डोक्यावरून काढून मांडीवर घेतलं आणि त्यांच्या मागे बसली. बाबीशेटनी आधी मागे बघितलं, मग खाली आमच्याकडे बघितलं. आता उतरा म्हणायची सोय राहिली नव्हती. स्कूटर निघाली.

"बाबीशेटच्या स्कूटरार बसली?" बाबांनी विचारलं. बघत तर तेही होते.

"व्हय."

त्यांनी वल्हं उचलून आडवं मांडीवर ठेवलं. त्याच्या टोकावरून पाणी भांड्यांवर ठिबकत राहिलं. स्कूटर पूल उतरून आडवणाच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी ते तिकडेच बघत बसले. होडी तोंड फिरवून दर्याकडे निघाली. शेळी ओरडायला लागली. मी तिला पायात धरलं, बाबांच्या मांडीवरचं वल्हं काढून घेतलं आणि मारायला लागलो. त्यांनी ते सोडलं. मला कधीच नीट वल्हवता आलं नाही, हे त्यांना माहीत होतं.